इंजिनिअरिंगचा वर्ग गप्प का बसतो? आणि त्याला बोलतं कसं करायचं?

पैनगंगाकाठ (धागाकर्ता) · १७ ऑगस्ट

मंडळी, यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकवतो. हे सातवं वर्ष. यंदा तिसऱ्या वर्षाचा मशीन्स विषय माझ्याकडे आहे. पटावर ५८ मुलं-मुली, त्यातली सतरा-अठरा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. बहुतेक सगळ्यांच्या घरी कपाशी, सोयाबीन, तूर.

अडचण सांगतो. शिकवून झाल्यावर विचारतो, "समजलं का?" सगळ्या माना डोलतात. "काही शंका?" मग फक्त पंख्याचा आवाज. फळ्यावरचं सगळं वहीत उतरतं, मी चुकून लिहिलेलं आणि लगेच खोडलेलंसुद्धा. सेशनलला (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला) तेच गणित आकडे बदलून दिलं तर सुटतं. प्रश्न जरा फिरवला की कोरा कागद येतो. आणि हीच पोरं एसटी स्टँडवर तास तास बोलत उभी असतात, ट्रॅक्टर उघडून बसतात, गावातल्या मोटरी दुरुस्त करतात.

पीपीटी करून पाहिल्या, व्हिडिओ दाखवले, एकदा ग्रुप डिस्कशन घेतलं. त्यात चारच जण बोलले, तेही नेहमीचेच चार. मी पोरांना दोष देत नाही. मला ही कला शिकायची आहे. स्वतः वर्गात करून पाहिलेलं सांगाल तर फार उपकार होतील.

तर्री-पोहे · १७ ऑगस्ट

"समजलं का?" हे विचारणं आधी बंद करा सर. त्याचं एकच बिनधोक उत्तर आहे, "हो सर".

खडू-फळा · १७ ऑगस्ट

३१ वर्षं शिकवून निवृत्त झालो. अमरावती, अकोला, मग शेवटी चंद्रपूर. आयुष्यभर खडू आणि फळा, दुसरं काही नाही, आणि माझे विद्यार्थी आज मोठमोठ्या वीज केंद्रांत शिफ्ट सांभाळतात. मला या "रंजक पद्धती"ची थोडी भीती वाटते. खेळ होतो, तास जातो, आणि सर्किट सोडवता येत नाही. शिक्षकाने एक उदाहरण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही पायरी न गाळता फळ्यावर सोडवणं, यासारखं दुसरं शिक्षण नाही. तुमची पोरं गप्प आहेत म्हणजे शिकत नाहीत, असं लगेच ठरवू नका.

अणुरेणू · १८ ऑगस्ट

खडू-फळा सर, तुमच्या मुद्द्याकडे शेवटी येतो. आधी पैनगंगाकाठ सरांसाठी.

हार्वर्डला एरिक मझूर हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक १९८४ पासून शिकवत होते. वर्ग खूश, गणितं सुटत होती. मग त्यांनी आकडेमोड नसलेली, साध्या भाषेतली एक चाचणी दिली. न्यूटनचे नियम खरोखर कळलेत का, एवढंच ती तपासत होती. तेव्हा वर्गातून विचारणा झाली: ही उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहायची, की मी एरवी विचार करतो तशी? हार्वर्डच्या पोरांच्याही डोक्यात दोन वेगळी खाती होती, एक परीक्षेचं आणि एक जगाचं. तुमच्या वर्गातही नेमकं हेच आहे, असं मला वाटतं.

त्यांनी १९९१ च्या सुमारास जी पद्धत बसवली ती मी बारा वर्षांपासून वापरतो. दहा-पंधरा मिनिटं शिकवायचं. मग एक प्रश्न, तीन-चार पर्याय, गणित करावं न लागणारा. एक मिनिट कुणी बोलायचं नाही, प्रत्येकाने आपलं उत्तर ठरवायचं. मग मत द्यायचं. मोबाइल नको, ॲप नको. उजवा हात छातीशी धरून बोटं दाखवायची, म्हणजे मागच्याला पुढच्याचं दिसत नाही. बरोबर उत्तर सांगायचं नाही! आता शेजारच्याला आपलं म्हणणं पटवून द्या, दोन-तीन मिनिटं. पुन्हा मत. त्यानंतर तुम्ही समजावून सांगायचं.

पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के बरोबर आले तर चर्चेला धार येते. त्याहून कमी असले तर विषय पुन्हा शिकवावा, जास्त असले तर थोडक्यात सांगून पुढे जावं. सगळी मेहनत प्रश्न शोधण्यात आहे. ज्यात अंगचं शहाणपण आणि पुस्तक एकमेकांशी भांडतील असा प्रश्न हवा.

खडू-फळा सर, २०१४ साली विज्ञान-इंजिनिअरिंगच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला होता. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होतं, मुलं काही ना काही करत होती त्या वर्गात २१.८ टक्के. म्हणजे खेळात वेळ जातो असं सरसकट म्हणता येत नाही.

वावरातला इंजिनिअर · १८ ऑगस्ट

सर, मी थर्ड इयरले आहो, अमरावती जिल्ह्यात. तुमच्या कॉलेजचा नाई. कालपासून धागा वाचून राह्यलो, म्हून लिहितो.

आमी काऊन बोलत नाई ते सांगतो. फर्स्ट इयरले पयल्याच आठवड्यात मी उभं राहून उत्तर देल्लं होतं. उत्तर बरोबर होतं. पन "जयते" म्हटलं मी, "जळते" नाई. अख्खा वर्ग हासला. सरबी हासले. मनात काई नसन त्यायच्या, पन मी तवापासून हात वर केला नाई. दोन वर्स झाले.

दुसरं असं की जे आमाले येते ते पुस्तकात नसते, अन् पुस्तकात असते ते इंग्रजीत बोला लागते. मंग गप बसलेलं बरं.

संत्रा-बर्फी · १८ ऑगस्ट

वर्गात वाचून डोळे भरून आले. बाळा, तू इथे लिहिलंस ते फार चांगलं केलंस. तुझ्या या दोन परिच्छेदांवर आमच्या विभागाची बैठक घेणार आहे मी.

फ्यूज वायर · १८ ऑगस्ट

आयटीआयला वायरमन ट्रेड शिकवतो. अणुरेणू सर म्हणाले तसा प्रश्न देतो, मशीन्सचाच, घ्या:

विहिरीवर ५ एचपीची मोटर चालू आहे. रात्री व्होल्टेज ४१५ वरून ३३० वर आलं. मोटर आता करंट जास्त घेईल, कमी घेईल, की तेवढाच?

माझ्याकडे दहावी झालेली पोरं असतात. स्टार्टरचा ओव्हरलोड ट्रिप होताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, तरी वर्गात विचारलं की "कमी" म्हणतात. ओहमचा नियम, व्ही बरोबर आय आर (व्होल्टेज = करंट × रेझिस्टन्स), घोकलेलं असतं ना.

पैनगंगाकाठ · १९ ऑगस्ट

फ्यूज वायर भाऊ, काय प्रश्न दिलात! पुढच्या आठवड्यात इंडक्शन मोटर सुरू होते आहे. करतो आणि इथे लिहितो.

वावरातला इंजिनिअर, मी कधी कुणाच्या बोलण्यावर हसलो असेन का, हे काल रात्री बराच वेळ आठवत होतो.

घड्याळी तास · १९ ऑगस्ट

बोलतो जरा, राग मानू नका. मी तासिका तत्त्वावर आहे. दोन कॉलेजं, मधे ४० किलोमीटरची मोटरसायकल. चार महिन्यांचं मानधन थकलेलं आहे. सिलॅबस पाच युनिट, मिळणारे तास कागदावर ४० आणि प्रत्यक्षात ३०. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आली की अर्धा वर्ग वावरात. वर कोर्स फाइल, सीओ-पीओचे (कोर्स आणि प्रोग्रॅम आउटकमचे) तक्ते, ७५ टक्के हजेरीची पत्रं. हे सगळं करून मी "प्रश्न शोधण्यात मेहनत" कधी घ्यायची? मुलांवर प्रेम माझंही आहे. पण या चर्चेत शिक्षकाच्या पोटाचा विषय कुणी काढत नाही.

खडू-फळा · १९ ऑगस्ट

घड्याळी तास, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पोटात भूक ठेवून कुणी जीव ओतून शिकवू शकत नाही, आणि हे शिक्षकाच्या कमी वकुबाचं लक्षण म्हणून मोजलं जातं, तो अन्याय आहे.

अणुरेणू · १९ ऑगस्ट

+१. एवढंच सुचवतो की प्रत्येकाने वेगळे प्रश्न शोधायची गरज नाही. याच धाग्यावर टाकत जाऊ, ज्याला हवा त्याने उचलावा. आठवड्याला एक प्रश्न, वर्गातली आठ मिनिटं. एवढंही जमलं तर खूप झालं.

काळी-पांढरी · २० ऑगस्ट

सिव्हिलकडून माझा वाटा. सॉइल मेकॅनिक्सच्या पहिल्या तासाला मी पुस्तक उघडत नाही. विचारते, तुमच्या गावातलं गावठाण कुठल्या मातीवर आहे आणि वावरं कुठल्या मातीवर? पोरं म्हणतात, गाव पांढरीत, वावर काळीत. मग विचारते, का बरं? आजोबांनी काळीत घर का नाही बांधलं?

तिथून वर्ग सुटतो. उन्हाळ्यात वावराला पडलेल्या भेगा, ज्यात हात जातो. नवीन लेआउटमधल्या घरांच्या भिंतींना गेलेले तडे. पावसाळ्यात न लागणारं दार. एका पोराने तर सांगितलं होतं की त्यांच्या नव्या घराच्या ओट्यावरून दरवर्षी पावसाळ्यात गोटी उलटी गडगडते. माँटमोरिलोनाइट (काळ्या मातीतलं पाण्याने फुगणारं खनिज) हा शब्द मी त्यानंतर लिहिते. तोवर तो शब्द कशासाठी लागतो हे सगळ्यांना ठाऊक झालेलं असतं.

प्रॅक्टिकलला प्रत्येकाने आपल्या वावरातली माती आणायची. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळून दहा दहा ग्रॅम दोन सिलिंडरमध्ये, एकात पाणी, एकात रॉकेल, आणि २४ तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते, त्या फरकावरून फ्री स्वेल इंडेक्स निघतो. हे प्रॅक्टिकल पूर्वी जर्नलात मागच्या बॅचवरून उतरवलं जायचं. आता सकाळी साडेनवाला येऊन सिलिंडर पाहतात, कुणाच्या बाबांची माती जास्त फुगली म्हणून. उतरवायला तयार आकडेच नसतात ना, माती प्रत्येकाची वेगळी.

पांदण रस्ता · २० ऑगस्ट

मी शेतकरी. मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे सिव्हिलला. मागे तिनं वावरातून डब्यात माती नेली तेव्हा मला कळलं नव्हतं कशाला. आता कळलं. मॅडम, तुम्ही तिच्याच कॉलेजच्या आहात की नाही माहीत नाही, पण घरी येऊन तिनं मला ते सिलिंडरचं समजावून सांगितलं होतं.

तर्री-पोहे · २० ऑगस्ट

अवांतर: कूलर खिडकीत लावावा की खोलीच्या मधोमध ठेवावा? होस्टेलला दर एप्रिलमध्ये यावरून भांडण होते, आणि आमचे मेकॅनिकलचे चार पोट्टे चार बाजूंनी भांडतात.

संत्रा-बर्फी · २० ऑगस्ट

हे अवांतर नाही! हा तर सायक्रोमेट्रीचा, म्हणजे हवेतल्या ओलाव्याच्या शास्त्राचा, सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर वेट बल्ब तापमान (पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जितकी थंड करता येते ते) येतं सुमारे २३. खसची किंवा वुडवूलची ताटी नीट भिजलेली असेल तर कूलर २८ च्या आसपासची हवा देऊ शकतो. जुलैत ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के झाली की वेट बल्बच २९ असतं, कूलर उर फुटेस्तोवर चालला तरी तीन अंशांपलीकडे उतरणार नाही. खोलीच्या मधोमध ठेवला तर तीच ओली हवा तो परत परत ओढतो, म्हणजे बंद खोलीत तुम्ही स्वतःच जुलै तयार करता. म्हणून खिडकीत लावायचा, आणि समोरची दुसरी खिडकी उघडी ठेवायची.

मी हे गेली तीन वर्षं असंच शिकवते. सायक्रोमेट्रिक चार्ट वाटते आणि म्हणते, चला, आपल्या होस्टेलचा मे आणि आपल्या होस्टेलचा जुलै या कागदावर शोधा. चार्ट पाहून डोकं धरणारी पोरं बोट ठेवून भांडतात.

तर्री-पोहे · २० ऑगस्ट

आता ते चौघे मला पोहे देतात की मार, ते पाहतो.

गुगामल · २२ ऑगस्ट

मी धारणी तालुक्यातला. घरी कोरकू बोलतो. पुण्यात नोकरीला आहे, चाकणला. वरचं सगळं आवडलं, पण एक गोष्ट कुणी बोललं नाही.

"आपल्या भाषेत बोला" असं सर म्हणतात तेव्हा ती भाषा मराठी असते. कोरकूचं मराठीशी नातं नाही, ती मुंडा कुळातली भाषा आहे. मी पहिलीत मराठी शिकलो, आणि कॉलेजात इंग्रजी अंगावर आली. त्यामुळे शेजाऱ्याशी चर्चा करा म्हटलं की माझ्या वाट्याला ऐकणंच यायचं. वर्गात मी एकटा कोरकू होतो.

मला वाचवलं ते मशीन ड्रॉइंगच्या मॅडमनी. त्या म्हणायच्या, बोलू नको, काढून दाखव. बैलबंडीच्या चाकाला लोहार धाव कशी चढवतो ते मी काढलं होतं: लोखंडी धाव तापवायची, ती वाढते, लाकडी चाकावर बसवायची, पाणी ओतायचं, आवळून बसते. मॅडमनी तो कागद सगळ्यांना दाखवला आणि त्याच चित्रावरून श्रिंक फिट शिकवलं. त्यानंतर वर्गातली पोरं माझ्या बाकावर येऊन बसायला लागली.

म्हणून विनंती, उत्तर द्यायचे रस्ते एकाहून जास्त ठेवा. बोट दाखवणं, चित्र काढणं, हाताने करून दाखवणं.

काळी-पांढरी · २२ ऑगस्ट

गुगामल, हे वाचलं नसतं तर मला सुचलं नसतं. वर्गात माडिया बोलणारी दोन मुलं आहेत.

संत्रा-बर्फी · २३ ऑगस्ट

मुलींचंही सांगून ठेवते. माझ्याकडच्या सोळा मुलींपैकी अकरा जणी एसटीने येतात. शेवटची गाडी साडेपाचला. प्रोजेक्ट, हॅकेथॉन, "तासानंतर थांबून करू" असं काहीही ठरवलं की त्या आपोआप बाहेर पडतात, आणि मग म्हणतात मुलींना रस नसतो. जे करायचं ते दहा ते पाचच्या आत बसवा. आणि प्रॅक्टिकलच्या गटात मुलगा जोडणी करतो, मुलगी रीडिंग लिहिते, हे दर दोन आठवड्यांनी फिरवून द्या. मी फिरवायला लागले तेव्हा एका मुलीने मला सांगितलं, मॅडम, पाच सेमिस्टरमध्ये मी पहिल्यांदा पाना हातात घेतला.

पैनगंगाकाठ · ३ सप्टेंबर

आलो. सविस्तर लिहितो.

परवाच्या तासाला फ्यूज वायर भाऊंचा प्रश्न फळ्यावर लिहिला. मराठीतच. हजर ४९. आधीच सांगितलं की मार्क नाहीत, आणि उत्तर ज्या बोलीत सुचेल त्या बोलीत चालेल. एक मिनिट शांतता, मग बोटं. ३४ जण "कमी", ४ "तेवढाच", ११ "जास्त". म्हणजे बरोबर २२ टक्के. अणुरेणू सरांच्या हिशेबाने चर्चेला सोडायला नको होतं, पुन्हा शिकवायला हवं होतं. खडू हातात घेतलाही होता.

मग काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, "घरची मोटर जळली आहे असे किती जण?" तीसेक हात वर. हात वर करायला लाजणारा वर्ग! "कधी जळली?" दोन-तीन कोपऱ्यांतून आलं, रात्रीच्या लाईनीत, व्होल्टेज पडते तवा. मी म्हटलं, करंट कमी झाला असता तर जळली कशाने? आता शेजाऱ्याशी बोला.

मंडळी, सात वर्षांत माझ्या वर्गात असा गलका झाला नव्हता. शेजारच्या वर्गातले सर येऊन डोकावून गेले. दुसऱ्या फेरीत ३८ जण "जास्त".

मी विचारलं, का ते कोण सांगेल? आणि मी थांबलो. यासाठी मला स्वतःला धरून ठेवावं लागलं, कारण सवय अशी की दोन सेकंदांत आपणच उत्तर देऊन टाकायचं. मागच्या बाकावरचा एक डिप्लोमाचा पोरगा, ज्याचा आवाज मी दीड वर्षात हजेरीपलीकडे ऐकला नव्हता, बसल्या बसल्या म्हणाला, "सर, पानी तं तेवढंच वर चढवाचं आहे ना. काम तेवढंच. मंग व्होल्टेज कमी देल्लं तं करंटनं भरून काढा लागन."

एवढंच म्हणाला. मी ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं, "चढवाचं" आणि "लागन" सकट. त्याच्या खाली पॉवरचं सूत्र.

मग गणित केलं. ५ एचपी म्हणजे ३,७३० वॅट, एफिशियन्सी आणि पॉवर फॅक्टर दोन्ही ०.८५ धरले तर ४१५ व्होल्टला ७.२ अँपिअर येतात, ३३० ला ९. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपटीहून जास्त. आणि चालू करताना टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने पडतो, ३३० ला ६३ टक्केच उरतो, म्हणून मोटर नुसती घूं करत राहते. हे सांगितल्यावर "हो सर, तसाच आवाज येते" असं किमान दहा जण बोलले.

ओहमचा नियम मग खोटा का? असं एका मुलीने विचारलं. केवढा चांगला प्रश्न! शेगडीच्या कॉइलला तो सरळ लागू पडतो, तिथे व्होल्टेज पडलं की करंट पडतो आणि शेगडी मंद होते. मोटरच्या आत फिरणारं काहीतरी आहे, ते उलटं व्होल्टेज तयार करतं. तिथून स्लिपवर (फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या किती मागे रोटर पडतो त्यावर) आलो. स्लिप शिकवायला मला नेहमी दोन तास लागतात, यावेळी पाऊण तास लागला.

फ्यूज वायर · ३ सप्टेंबर

सर, त्या पोराला माझा नमस्कार सांगा.

वावरातला इंजिनिअर · ३ सप्टेंबर

"लागन" फळ्यावर लिहिलं तुमी? खरंच?

पैनगंगाकाठ · ३ सप्टेंबर

खरंच. पुसायच्या आधी तीन पोरांनी फोटो काढला.

खडू-फळा · ४ सप्टेंबर

दोनदा वाचलं. आनंद झाला. तुम्ही शेवटी फळ्यावर पूर्ण गणित सोडवलंत, ते मला महत्त्वाचं वाटतं. नुसत्या गलक्यावर तास संपला असता तर मी विरोधातच राहिलो असतो. नवशिक्याला पूर्ण सोडवलेली उदाहरणं दाखवावीत, त्याला अंधारात चाचपडत सोडू नये, असं जॉन स्वेलर यांचं १९८० च्या दशकापासूनचं संशोधन आहे, आणि माझा अनुभवही तोच. पण उदाहरणाआधी प्रश्न पेटवायचा, हा क्रम मी ३१ वर्षांत करून पाहिला नव्हता. उद्या नातवाला इलेक्ट्रिसिटी शिकवायची आहे, सुरुवात तिथूनच करीन.

अणुरेणू · ४ सप्टेंबर

खडू-फळा सर, मनापासून सहमत.

पैनगंगाकाठ सर, पुढे एक अडथळा येईल, तो आत्ताच सांगून ठेवतो. काही मुलं तक्रार करतील की सर शिकवत नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात. हार्वर्डमध्येच २०१९ साली मोजून पाहिलं होतं: स्वतः डोकं चालवलेल्या वर्गातली मुलं चाचणीत जास्त शिकलेली निघाली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. गुळगुळीत व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. हे मुलांना सुरुवातीलाच सांगा.

आणि तुम्ही थांबलात, त्याबद्दल अभिनंदन. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, हे मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकातच दाखवलं होतं.

घड्याळी तास · १९ सप्टेंबर

तक्रार करून गेलो होतो, आता हिशेब देतो. माझा विषय कॉम्प्युटरचा, डेटा स्ट्रक्चर. क्यू शिकवताना पुस्तकातलं तिकीट खिडकीचं उदाहरण सोडलं आणि कापूस खरेदी केंद्राबाहेरची गाड्यांची रांग घेतली. पहिला आला तो पहिला सुटला, हा साधा क्यू. मग एका पोराने विचारलं, ज्याच्या कापसात ओल जास्त निघते त्याला बाजूला काढतात, त्याचं काय? दुसरा म्हणाला, ओळखीच्याची गाडी मधे घुसते, त्याचा कोड कसा लिहायचा? प्रायॉरिटी क्यू (आधी कोणाचा नंबर हे महत्त्वावरून ठरवणारी रांग) मी शिकवायच्या आधीच त्यांनी मागितला.

शेवटी एक प्रोग्रॅम लिहायला दिला: किती क्विंटल कापूस आला तर किती गाठी होतील. एक गाठ १७० किलोची, रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) उतारा ३४ टक्के धरला की एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. अनेकांनी तो घरी जाऊन बाबांना दाखवला. तयारीला मला वीस मिनिटं लागली, मोटरसायकलवर असताना सुचलं होतं. मानधन अजून आलेलं नाही, ते वेगळं.

काळी-पांढरी · १९ सप्टेंबर

घड्याळी तास, शेवटचं वाक्य आम्ही विसरणार नाही. तुमच्यासारखेच पाच-सहा जण आमच्याकडे आहेत. अर्ज सगळ्यांनी मिळून द्यायचा असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मसुदा लिहिण्यात मदत करीन.

गुगामल · २० सप्टेंबर

ज्यांना घरी परत ऐकायचं असेल त्यांच्यासाठी: आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही आहेत, फुकट. सी, पायथन, लिनक्स. डाउनलोड करून ठेवता येतात, म्हणजे गावात रेंज नसली तरी चालतं. माझा धाकटा भाऊ त्यावरच शिकतो आहे.

पैनगंगाकाठ · १८ नोव्हेंबर

दोन महिन्यांनी येतो आहे. ऑक्टोबरभर सोंगणीमुळे वर्गात कधी २२, कधी २५. आता वेचणी सुरू आहे, मजूर मिळत नाहीत, त्यामुळे घरोघरची पोरं वावरात. मी त्यांना बोल लावत नाही. सोमवारचा प्रश्न वर्गाच्या ग्रुपवर टाकतो, जे घरी आहेत ते तिथे मत देतात, आणि पोराने वावरातून पाठवलेला आवाजी निरोप मी वर्गात ऐकवतो.

सगळं छान झालंय असं नाही. सात प्रश्नांपैकी दोन पूर्ण फसले, एक फार सोपा होता, एकाची भाषा मलाच नीट जमली नव्हती. आठ-दहा जण अजूनही गप्प आहेत. अणुरेणू सर म्हणाले होते ती तक्रारही आली, लेखी आली. पण दुसऱ्या सेशनलला फिरवलेला प्रश्न कोरा सोडणारे पहिल्यापेक्षा निम्मे होते. तेवढं माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आजचं सांगायला आलो. तोच मागच्या बाकावरचा पोरगा, तीन आठवड्यांनी वेचणी आटोपून आला. हातावर बोंडांचे ओरखडे. तास सुरू व्हायच्या आधीच उभा राहिला. हो, उभा राहिला. म्हणाला, "सर, आमच्या शेजारच्यानं सोलर पंप बसवला. ढग आला की तिथंबी पावर कमी होते. पन त्याची मोटर जयत नाई, नुसती हळू होते. आपुन तं म्हटलं होतं करंट वाढन. तिथं काऊन वाढत नाई?"

मला उत्तर माहीत आहे. मी दिलं नाही. फळ्यावर प्रश्न लिहिला आणि बोटं मागितली. वर्ग तीन तुकड्यांत फुटला.

फ्यूज वायर · १८ नोव्हेंबर

वा रे पठ्ठ्या! व्होल्टेजसोबत फ्रिक्वेन्सीपण उतरते, तिथं पोचले का पोरं?

पैनगंगाकाठ · १८ नोव्हेंबर

अजून नाही, जवळ आलेत. एका मुलीने सांगितलं की त्यांच्या सोलरच्या कंट्रोलरवर डिस्प्ले आहे आणि त्यात हर्ट्झचा आकडा ढगासोबत खाली-वर होतो. आणखी दोघांच्या वावरात तसेच पंप आहेत. तिघं रविवारी दर अर्ध्या तासाला आकडे लिहून आणणार आहेत. सोमवारी पहिला तास माझाच आहे.